आई-वडिलांना वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात ठेवताना पैशांची व्यवस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागा पाहायला गेलेले बहुतेक कुटुंबीय खोली, जेवण आणि बाग पाहून येतात. पैशांचे बोलणे मात्र परतीच्या वाटेवर गाडीत होते आणि तेही अर्धवट राहते. खालील उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील परिस्थिती धरून दिली आहेत. बँकेच्या नोकरीत बरीच वर्षे काढल्यामुळे एक गोष्ट आधीच नमूद करतो, कारण ती पुढे अनेक उत्तरांत येणार आहे: या व्यवहारात पैसा कमी पडल्यामुळे अडलेली घरे मी पाहिली आहेत, पण पैसा असूनही सही मिळत नाही म्हणून अडलेली घरे त्याहून अधिक पाहिली आहेत.

वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्र यांच्या खर्चात एवढा फरक का असतो?

वृद्धाश्रमात राहणारी व्यक्ती स्वतःची आंघोळ, जेवण, औषधे आणि शौचाला जाणे स्वतः करू शकते, असे तेथील शुल्क ठरवताना गृहीत धरलेले असते. शुश्रूषा केंद्रात ही कामे दुसऱ्या कोणीतरी करायची असतात, आणि तीही दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन्ही वेळांना. त्यामुळे तेथील शुल्कात अन्न आणि खोली यांचा वाटा लहान असतो आणि माणसांच्या पगाराचा वाटा मोठा. हा फरक लक्षात घेतला म्हणजे पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: आज चालत्याफिरत्या असलेल्या वडिलांना वृद्धाश्रमात ठेवले आणि वर्षभराने खुब्याचे हाड मोडून ते अंथरुणाला खिळले, तर तीच संस्था त्यांना ठेवून घेणार आहे का, आणि घेतल्यास कोणत्या दराने? अनेक वृद्धाश्रमांच्या नियमांत अशा वेळी नातेवाइकांनी रहिवाशाला घेऊन जावे, असे कलम असते. प्रवेश घेतानाच ते वाचले, तर दुसऱ्या स्थलांतराचा खर्चही हिशेबात धरता येतो.

सांगितलेल्या मासिक शुल्काखेरीज आणखी कोणता खर्च येतो?

बराच, आणि तो सुटा सुटा येत असल्यामुळे चटकन जाणवत नाही. सर्वप्रथम परत न मिळणारे प्रवेश शुल्क आणि परत मिळणारी अनामत रक्कम असते. अनामत परत मिळते म्हणून तिला खर्च न मानण्याची आपली सवय असते. परंतु ३ लाख रुपये बिनव्याजी अडकून पडले आणि तेच पैसे बँकेत ७ टक्क्यांनी ठेवता आले असते, तर वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे दरमहा १,७५० रुपये एवढे शुल्क आपण न दिसणाऱ्या मार्गाने देत असतो.

त्यानंतर डायपर, औषधे, फिजिओथेरपी, भेटीला येणाऱ्या डॉक्टरांचे शुल्क, रक्ततपासण्या, हवेची गादी आणि लागलाच तर ऑक्सिजन हे सर्व वेगळ्या देयकात येते. रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तेथे सोबतीला बसणाऱ्या मावशींचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि त्या काळात केंद्रातील खाट राखून ठेवण्याचे शुल्कही पूर्ण किंवा अंशतः चालू राहते. एकाच महिन्यात दोन्हीकडचे देयक येते तेव्हा लोक चकित होतात, परंतु ते करारात लिहिलेले असते. प्रवेश ठरवण्यापूर्वी संस्थेकडे आपल्या पालकासारखीच अवस्था असलेल्या एखाद्या रहिवाशाचे मागील तीन महिन्यांचे देयक, नाव झाकून, दाखवण्याची विनंती करावी. माहितीपत्रकापेक्षा त्या तीन कागदांतून अधिक कळते. संस्था नाही म्हणाली तर त्यातूनही काही कळते.

पुढील चार-पाच वर्षांच्या खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

एक काल्पनिक पण नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. आई ७८ वर्षांची आहे, तिला १८,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि तिच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख रुपये आहेत. २०२५ मधील ८.२ टक्के दराने त्यावर दर तिमाहीस ३०,७५० रुपये, म्हणजे महिन्याला १०,२५० रुपये व्याज येते. एकूण उत्पन्न २८,२५० रुपये. शुश्रूषा केंद्राचे शुल्क ३२,००० आणि वर उल्लेखिलेले सुटे खर्च १०,५०० धरले, तर खर्च ४२,५०० होतो आणि महिन्याला १४,२५० रुपयांची तूट राहते. तीन भावंडांनी वाटून घेतली तर प्रत्येकी पाच हजारांच्या आत बसते, म्हणून घरात समाधान मानले जाते आणि हिशेब तेथेच थांबतो.

हिशेब पुढे नेला तर चित्र बदलते. खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला आणि आईचे उत्पन्न तेवढेच राहिले, तर चौथ्या वर्षी खर्च सुमारे ५३,५०० रुपये होतो. म्हणजे खर्च सव्वापट झाला. परंतु तूट १४,२५० वरून २५,००० रुपयांच्या पुढे गेली, म्हणजे पावणेदोन पटीहून अधिक वाढली. उत्पन्न स्थिर असताना खर्चातील सर्व वाढ तुटीवर पडते, हे येथील मर्म आहे. निवृत्तिवेतनावरील महागाई भत्त्याने यातील काही भार हलका होतो, पण व्याजाच्या उत्पन्नाला तसा कोणताही आधार नसतो. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के आणि ८५ नंतर ३० टक्के अतिरिक्त रक्कम मिळते व ही वाढ पुढेही टप्प्याटप्प्याने चालू राहते. कुटुंब निवृत्तिवेतनालाही ती लागू आहे. बँकेतील नोंदीत जन्मतारीख नसल्यामुळे ही वाढ सुरूच न झालेली प्रकरणे आढळतात, म्हणून ती एकदा तपासून घ्यावी.

हा खर्च प्रथम कोणाच्या पैशातून करावा?

आई-वडिलांच्या. हे उत्तर अनेक मुलांना कठोर वाटते आणि काहींना ते सांगताना लाजही वाटते. ‘आईच्या पैशाला हात लावायचा नाही’ हे वाक्य कौतुकाने बोलले जाते. परंतु ते पैसे आईच्या म्हातारपणासाठीच साठवलेले असतात आणि तिचे म्हातारपण आता आले आहे. ते तसेच ठेवून एका मुलाने स्वतःच्या पगारातून खर्च करायचा आणि आईच्या पश्चात ते पैसे सर्वांत समान वाटायचे, यात त्या एका मुलावर अन्याय होतो. बहुतेक भांडणांचे मूळ येथे असते, जरी ती भांडणे नंतर दागिन्यांच्या नावाने होत असली तरी.

आईची सही पुढे होऊ शकणार नाही, अशी शंका आहे. काय तयारी करावी?

ही शंका आली असेल, तर बाकीचे सर्व प्रश्न बाजूला ठेवून प्रथम हे काम करावे.

सर्वसाधारण समज असा असतो की कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून ठेवले म्हणजे काळजी मिटली. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्या व्यक्तीचे मानसिक संतुलन गेले की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे हात थरथरतो, दृष्टी अधू झाली आहे, घराबाहेर पडता येत नाही, अशा अडचणींत ते उपयोगी पडते. परंतु डिमेन्शियामुळे आईला व्यवहार समजेनासा झाला की नेमक्या त्याच वेळी त्याचा आधार सुटतो. अशा अवस्थेत मालमत्तेचे व्यवहार करण्यासाठी तिचा कायदेशीर पालक (गार्डियन) म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते, आणि डिमेन्शिया झालेल्या प्रौढ व्यक्तीसाठी सोपी, सरळ कायदेशीर पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे अनेक कुटुंबांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत पती, पत्नी किंवा मुलांना पालक म्हणून नेमले आहे. पण त्यासाठी वकील, वैद्यकीय अहवाल आणि वेळ हे तिन्ही लागतात, आणि केंद्राचे देयक दर महिन्याला येतच राहते.

म्हणून आईला समजते आहे, तोवरच पुढील कामे उरकावीत. तिचे बचत खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने एका मुलासोबत संयुक्त करावे. मुदत ठेवींच्या बाबतीत येथे एक खाच आहे: पावतीवर हीच पद्धत लिहिलेली असली, तरी मुदतीपूर्वी ठेव मोडायची झाल्यास बँका सर्व ठेवीदारांच्या सह्या मागतात, त्यामुळे मुदतीपूर्वी एकाच्या सहीने रक्कम देण्याची लेखी संमती ठेव ठेवतानाच देऊन ठेवावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते फक्त पती किंवा पत्नीसोबतच संयुक्त करता येते, मुलासोबत नाही. म्हणून त्याचे व्याज ज्या बचत खात्यात जमा होते ते खाते संयुक्त असणे महत्त्वाचे ठरते. निवृत्तिवेतनाच्या खात्यातून केंद्राच्या खात्यावर ठरावीक तारखेला रक्कम जाईल, अशी स्थायी सूचना बँकेला आईच्या सहीने देऊन ठेवावी. नामनिर्देशन असणे चांगलेच, परंतु ते मृत्यूनंतर कामाला येते. आई हयात असताना नामनिर्देशित व्यक्तीला खात्यातून एक रुपयाही काढता येत नाही. बँकेत हा खुलासा करताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटणारी निराशा मी असंख्य वेळा पाहिली आहे.

सही करता येत नाही पण समजते आहे, अशा खातेदाराला अंगठ्याच्या ठशाने, आणि तोही शक्य नसल्यास एखाद्या खुणेने, पैसे काढता येतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार त्यासाठी दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. दस्त नोंदणीसाठीही आजारी व्यक्तीला कार्यालयात न्यावेच लागते असे नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये दुय्यम निबंधकाने घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी अर्ज व शुल्क भरावे लागते.

संयुक्त खाते करताना भावंडांपैकी एकाचेच नाव येणार, त्यामुळे इतरांच्या मनात शंका राहते. त्या खात्याचे मासिक विवरण सर्वांना आपोआप जाईल अशी व्यवस्था केली की शंकेला फारशी जागा उरत नाही. पैसे आईचेच असतात. नाव जोडल्याने ते मुलाचे होत नाहीत.

राहते घर विकावे, भाड्याने द्यावे, की रिव्हर्स मॉर्गेज घ्यावे?

रिव्हर्स मॉर्गेजचा विचार सर्वांत आधी बाजूला ठेवावा. या योजनेत ६० वर्षांवरील व्यक्तीला राहत्या घराच्या तारणावर बँकेकडून ठरावीक रक्कम मिळत राहते आणि हयातीत परतफेड करावी लागत नाही, म्हणून ती येथे चपखल वाटते. परंतु राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती व्यक्ती त्याच घरात राहत असणे हा त्या कर्जाचा पाया आहे; घर कायमचे सोडून ती संस्थेत राहायला गेली, तर कर्ज परतफेडीस पात्र ठरते. आई-वडिलांपैकी एकजण केंद्रात आणि सहकर्जदार असलेला दुसरा घरीच राहणार असेल, तर मात्र ती विचारात घेण्याजोगी आहे.

घर भाड्याने देणे हा मधला मार्ग आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी बंधनकारक आहे, आणि सहकारी गृहनिर्माण संस्था सभासदाने घर भाड्याने दिल्यास सेवाशुल्काच्या कमाल १० टक्के एवढेच बिनभोगवटा शुल्क आकारू शकते; त्याहून अधिक मागितले जात असेल तर ते भरण्यापूर्वी लेखी विचारणा करावी. करपात्र भाड्यातून देखभालीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. भाड्याचा एक गुण असा की ते दर नूतनीकरणाच्या वेळी वाढते, म्हणजे वर सांगितलेल्या वाढत्या तुटीला काही प्रमाणात तोंड देते, जे मुदत ठेव करू शकत नाही. शिवाय ‘घर आहे, बरे वाटले की परत येता येईल’ हा विचार आईला धीर देतो. तो खरा ठरेलच असे नाही, तरी तो काढून घेण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

विक्रीचा निर्णय झालाच, तर भांडवली नफ्यावरील कर आधी मोजावा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक न लावता (म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार न वाढवता) १२.५ टक्के किंवा निर्देशांक लावून २० टक्के, यांपैकी जो कर कमी भरेल तो लागू होतो. २००१ पूर्वीच्या घरासाठी १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घेऊन ठेवलेला बरा. येथे अनेकांचा एक गैरसमज होतो: घर विकून दुसरे घर घेतले की करात सूट मिळते, म्हणून ते पैसे केंद्राच्या अनामतीत भरले तरी सूट मिळेल असे त्यांना वाटते. अनामत म्हणजे घर खरेदी नव्हे, त्यामुळे ती सूट मिळत नाही. विक्रीनंतर सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतची रक्कम ठरावीक सरकारी कंपन्यांच्या पाच वर्षांच्या रोख्यांत गुंतवून कर वाचवता येतो. पण मग ते पैसे पाच वर्षे हाताशी नसतात, आणि ऐंशीव्या वर्षी पाच वर्षे हा मोठा काळ असतो.

गोव्यातील वाचकांसाठी एवढेच: तेथील नागरी कायद्यानुसार बहुतेक विवाहांत पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे घर एकाच्या नावावर दिसत असले तरी विक्रीला दोघांचीही संमती लागते.

मुलगा आणि मुलगी, दोघांवरही खर्चाची जबाबदारी असते का?

होय. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ मधील कलम २० मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक करत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे आणि त्यात मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांचा समावेश होतो. सून आणि जावई त्या व्याख्येत येत नाहीत. ‘लग्न झालेल्या मुलीकडून कसे घ्यायचे’ हा संकोच सामाजिक आहे, कायदेशीर नाही, आणि वारसाहक्क मागताना तो सहसा आठवत नाही.

वाटणी समानच असावी असे कोणताही कायदा सांगत नाही. एक बहीण दर रविवारी दोन तासांचा प्रवास करून आईला भेटत असेल, डॉक्टरांशी तीच बोलत असेल आणि औषधेही तीच नेऊन देत असेल, तर तिच्याकडून पुन्हा तेवढेच पैसे घेणे रास्त नाही. काय ठरले ते एका साध्या कागदावर लिहावे, सर्वांनी सह्या कराव्यात आणि दरवर्षी शुल्कवाढीच्या वेळी तो कागद पुन्हा काढावा.

एक भावंड काहीच देत नसेल तर?

२००७ च्या कायद्याखाली आई किंवा वडील स्वतः, अथवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था, प्रांताधिकाऱ्यांसमोर म्हणजे उपविभागीय स्तरावरील निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा आणि अपवादात्मक कारणासाठी आणखी ३० दिवस घ्यावेत, अशी तरतूद आहे. निर्वाहाची कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये आहे. शुश्रूषा केंद्राच्या आजच्या दरांसमोर ती अपुरी आहे, हे उघड आहे. अधिक रकमेसाठी भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली न्यायालयात जाता येते, मात्र दोन्हीकडे एकाच वेळी दावा करता येत नाही. अर्ज आई-वडिलांच्या नावाने होतो, भावंडाच्या नाही; आणि मुलाविरुद्ध अर्जावर सही करायला बहुतेक आया तयार होत नाहीत, ही या कायद्याची कोणत्याही कलमात न लिहिलेली मर्यादा आहे.

वडिलांनी घर आधीच मुलाच्या नावे करून दिले आहे आणि आता तो खर्च करत नाही. काही उपाय आहे का?

याच कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर केलेले मालमत्तेचे हस्तांतरण, ती अट पाळली न गेल्यास, न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकते. अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. २ जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा, असे सांगितले. महाराष्ट्रात मुलांना किंवा नातवंडांना राहते घर बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये असल्यामुळे ‘आताच करून टाकू’ असा आग्रह होतो. दस्त करायचाच असेल, तर सांभाळाची आणि शुश्रूषेच्या खर्चाची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहावी. घाई नसेल, तर मृत्युपत्र पुरेसे असते आणि ते बदलताही येते.

आरोग्य विम्यातून किंवा आयुष्मान योजनेतून केंद्राचे शुल्क मिळते का?

नाही. दोन्ही रुग्णालयातील उपचारांसाठी आहेत. ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण घेता येते. ते काढून ठेवावे, कारण केंद्रातून रुग्णालयात जाण्याची वेळ येतेच. खासगी विम्याचा हप्ता जड झाला म्हणून पॉलिसी बंद करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

प्राप्तिकरात काही सवलत मिळते का?

जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. राहण्या-जेवण्याच्या शुल्कावर थेट सवलत नाही, म्हणून केंद्राकडून देयकात शुश्रूषा, उपचार आणि निवास यांच्या रकमा वेगळ्या दाखवून घ्याव्यात. पालकांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या वैद्यकीय खर्चापोटी वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, मात्र ती रक्कम रोखीने दिलेली नसावी. पार्किन्सन्स, डिमेन्शिया यांसारख्या ठरावीक आजारांच्या उपचारांसाठी, अपंगत्वाचे प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणित झाल्यास आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे लेखी निदान असल्यास, ज्येष्ठांच्या बाबतीत १ लाखापर्यंत वजावट आहे. पालक मुख्यतः मुलावर अवलंबून असून त्यांच्याकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर प्रत्यक्ष खर्च कितीही असला तरी ७५,००० रुपये, आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असल्यास १,२५,००० रुपये, अशी ठोक वजावट मिळते. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर अधिनियम लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या क्रमांकांवर विसंबून अर्ज भरू नये.

देयकावर जीएसटी लावला जातो, तो योग्य आहे का?

सरकारी किंवा प्राप्तिकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदणी असलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात, ६० वर्षांवरील रहिवाशासाठी, निवास, भोजन व देखभाल मिळून दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्काला सूट आहे. खासगी कंपनीच्या केंद्राला ही सूट नाही.

काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी ‘देणगी’ मागितली जाते. ज्याच्या बदल्यात खाट मिळते, ती रक्कम देणगी नव्हे. तिचा पुढे परतावा मागता येत नाही, हे देतानाच समजून घ्यावे.

मी परदेशात आहे. पैसे कसे पाठवावेत?

आई-वडिलांच्या खात्यात थेट पाठवावेत. मुलाने दिलेली रक्कम त्यांच्या हाती करपात्र ठरत नाही. अनिवासी व्यक्तीला पालकांच्या वैद्यकीय खर्चाची वर सांगितलेली ५०,००० रुपयांची वजावट भारतातील उत्पन्नावर घेता येते; ठरावीक आजार आणि अपंगत्व यांच्या वजावटी मात्र निवासी करदात्यांसाठीच आहेत. पैशांपेक्षा अवघड प्रश्न वेगळा आहे. करारावर ‘स्थानिक जबाबदार व्यक्ती’ म्हणून जो नातेवाईक किंवा शेजारी सही करतो, त्याच्याकडे रात्री दोन वाजता फोन येतो आणि रुग्णालयाची अनामतही त्यालाच भरावी लागते. त्याच्याकडे काही रक्कम आधीच ठेवलेली असावी. भाच्याला किंवा शेजाऱ्यांना आधी खिशातून भरायला लावून नंतर हिशेब मागणे, हे नाते टिकवण्याचे लक्षण नव्हे.

परवडणारच नसेल तर कोठे विचारावे?

जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात अनुदानित वृद्धाश्रमांची यादी मिळते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या मातोश्री वृद्धाश्रम योजनेत काही जागा मोफत आणि काही सशुल्क ठेवण्याची पद्धत होती. गोव्यात प्रोव्हेदोरिया ही सार्वजनिक साहाय्य संस्था वृद्धाश्रम चालवते. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अनुदानित ठिकाणी अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला प्रवेश मिळणे अवघड असते, त्यामुळे तेथे जाण्याचा विचार असेल तर तो हिंडतेफिरते असतानाच करावा लागतो.

करारावर सही करण्यापूर्वी कोणत्या अटी वाचाव्यात?

वार्षिक शुल्कवाढीला कमाल मर्यादा आहे का. काळजीची श्रेणी बदलली हे कोण ठरवते आणि त्या निर्णयावर कुटुंबाला दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते का. आणि सोडून जाण्यासाठी किती दिवसांची सूचना द्यावी लागते. करारावर मुलाची सही ‘हमीदार’ म्हणून घेतली जाते की केवळ ‘संपर्क व्यक्ती’ म्हणून, हेही पाहावे, कारण थकबाकीची जबाबदारी त्यावरून ठरते.

अनामतीच्या पावतीवर नाव कोणाचे आहे, हे मात्र बहुतेकजण पाहत नाहीत. आमच्या घरी रक्कम भावाने भरली होती आणि पावती वडिलांच्या नावे फाडली गेली. वडील गेल्यावर संस्थेने ती रक्कम त्यांच्या सर्व वारसांच्या संमतीशिवाय परत देण्यास नकार दिला, आणि नियमाने पाहता संस्थेचे चुकले असे म्हणता येत नाही. दोन बहिणींची संमतीपत्रे, मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जमवण्यात पाच महिने गेले. पैसे जो भरतो त्याच्याच नावे पावती घ्यावी, आणि ते पालकांच्याच पैशातून भरले असतील, तर परतावा कोणाच्या हाती द्यायचा याची नोंद करारात पालकांच्या सहीने करून घ्यावी.